नवं यंत्र, जुनी तार

खामगावला तार आली ती कापसासाठी. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब ते खामगाव या आठ मैलांच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं. त्याआधी दहा वर्षांत पुष्कळ घडून गेलं होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मँचेस्टरचे लोक नकाशावर वऱ्हाड शोधू लागले. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या हातात होतंच. कापसाच्या कारभारासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास अधिकारी नेमला गेला, आणि बैलगाड्यांनी गजबजणाऱ्या खामगावच्या बाजारापर्यंत रूळ येऊन पोचले. रुळांबरोबर तारही आली. लिव्हरपूलच्या दलालाने तारेने मागणी नोंदवली की सहा आठवड्यांत वऱ्हाडी कापूस मर्सी नदीच्या धक्क्यावर उतरू लागला. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता. जून १८७० मध्ये लंडन आणि मुंबई समुद्री तारेने जोडली गेली, आणि २३ जूनच्या रात्री लंडनमध्ये जॉन पेंडर यांच्या घरच्या मेजवानीतून मुंबईला संदेश जाऊन काही मिनिटांत उत्तरही आलं. जाऊन येण्याच्या या वेळेला आजची गेम खेळणारी पोरं पिंग म्हणतात.

खामगाव ज्यात येतं त्या बुलडाणा जिल्ह्याची ठेवण तारेच्या बाजूने फारशी नव्हती. बुलडाण्याचा माणूस आपला मुलूख दोन भागांत सांगतो: घाटावर आणि घाटाखाली. मुंबई–नागपूर रेल्वे गेली ती घाटाखालून, पूर्णेच्या सपाटीवरून; मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी. जिल्ह्याचं ठाणं मात्र अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, थंड हवेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे सगळं घाटावर. त्यांच्या वाट्याला रूळ आले नाहीत, आणि खामगाव–जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षं उलटली तरी मागणीच राहिली. तार मात्र खांब रोवत घाट चढू शकते.

याच जिल्ह्यात आता संगणक दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार वारंवार येते. पोराने पैसे साठवून गेमिंगच्या पीसीचा मदरबोर्ड बदलला, प्रोसेसर नवा घातला, ग्राफिक्स कार्ड टाकलं. सगळं झकास चालतं. फक्त नेट, आणि तेही वायरचं, दर पाच-दहा मिनिटांनी झटका देतं. “नेट तुटून रायलं भाऊ, काल पावतर तर बराबर होतं.” आधी शिव्या बसतात त्या नव्या मदरबोर्डाला, मग नेटवाल्याला. भिंतीच्या कडेने गेलेल्या, सात-आठ वर्षं जुन्या वायरकडे कोणी पाहत नाही, कारण ती कालपर्यंत चालत होती. तारेच्या धंद्यातल्या माणसाला हे नवं नाही. यंत्र सुधारलं की तारेतला जुना दोष वर येतो, असं हिंदुस्थानातली तारयंत्रणा गेल्या पावणेदोनशे वर्षांत कितीदा तरी अनुभवून बसली आहे.

सुरुवातीची तार राकट होती, आणि म्हणून सोशिक. कलकत्त्याच्या विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये तारेचे प्रयोग केले आणि १८५१ मध्ये कलकत्ता–डायमंड हार्बर मार्ग उभारला. पुढे आग्र्यावरून मुंबई जोडताना त्याने पातळ तार न वापरता जाडजूड लोखंडी गजच खांबांवर चढवले. माकडं झोका घेणार, पक्ष्यांचे थवे बसणार, कुठे गज जमिनीवर पडला तर वरून बैलगाडी जाणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. गज तुटला तर गावचा लोहारही जोडू शकेल! इन्सुलेशन जेमतेम असलं तरी चालायचं, कारण दुसऱ्या टोकाला त्याने स्वतः बनवलेलं सुईचं साधं यंत्र होतं आणि काम धिम्या गतीने चालायचं. १८५७ च्या सुमारास मोर्सची यंत्रं आली. हात भराभर चालू लागले, संदेश वाढले, आणि पावसाळ्यात खांबावरून जमिनीत झिरपणारा प्रवाह, जो आधी कोणी मोजतही नव्हतं, तो त्रास देऊ लागला.

वऱ्हाडात त्यात काळ्या मातीची भर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, आणि तिच्यात रोवलेला खांब सरळ उभा राहीलच याची खात्री नाही. तारेचा परतीचा रस्ता त्या काळी जमिनीतूनच असे. एकच तार वर, आणि दोन्ही टोकांना जमिनीत पुरलेला पत्रा. मे महिन्यात जमीन कोरडी झाली की हा रस्ताही सुकतो. आजही डीपीच्या अर्थिंगला बादलीभर पाणी घालणारा शेतकरी नेमकं हेच दुखणं ओळखून असतो.

तारेचं दुखणं अंदाजाने न शोधता मोजून शोधायचं, ही शिस्त इथे आणणाऱ्यांमध्ये एका जर्मन माणसाचं नाव महत्त्वाचं आहे. लुई श्वेंडलर. हिंदुस्थान सरकारच्या तार खात्यातला हा विद्युततज्ज्ञ म्हणजे नाना उचापतींचा माणूस. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाची सुरुवात ज्या प्राण्यांनी झाली त्यांत त्याच्या घरचे प्राणी होते, आणि हिंदुस्थानातल्या रेल्वे स्थानकांवर विजेचे दिवे लावण्याचा खटाटोपही त्याने केला. पण त्याचं खरं काम तारेच्या तपासणीचं. ‘तारमार्गांच्या तपासणीच्या सूचना’ अशा अर्थाचं त्याचं पुस्तक १८७८ मध्ये लंडनला छापून निघालं. त्यात काय सांगितलं आहे? तार चालू असतानाच तिचा रोध आणि तिची गळती मोजा, लिहून ठेवा, म्हणजे ती बिघडेल तेव्हा कालच्या आकड्याशी ताडून पाहता येईल. आज एखादा जाणकार मेकॅनिक मदरबोर्ड बदलण्याआधी जुन्या पीसीवर नेटचा वेग आणि पिंग मोजून ठेवतो, तो हाच शहाणपणा. बहुतेक जण मात्र बिघडल्यावर मोजायला बसतात, आणि ताडून पाहायला हाती काही नसतं.

फॉल्ट शोधायची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. समजा शेगावहून भुसावळला तार जात नाही. मधे जलंब, नांदुरा, मलकापूर. शेगावचा तारबाबू नांदुऱ्याला सांगणार, तुझ्याकडे तार जमिनीला टेकव. आपल्या गॅल्व्हनोमीटरची सुई पाहणार. ती नेहमीच्या जागी गेली तर नांदुऱ्यापर्यंतचा तुकडा निर्दोष. मग मलकापूर. मलकापूरला सुई बिघडली, तर फॉल्ट नांदुरा आणि मलकापूर यांच्या मधे, आणि लाइनमनला तेवढाच पट्टा पायी तुडवायचा. याहून बारीक काम रोध मोजणाऱ्या व्हीटस्टनच्या ब्रिजने होई. जवळची एखादी धड तार दुसऱ्या टोकाला जमिनीत गळणाऱ्या तारेशी जोडून वळसा करायचा, ब्रिजचे दोन रोध जुळवून सुई शून्यावर आणायची, आणि त्या दोन रोधांच्या गुणोत्तरावरून फॉल्ट किती मैलांवर आहे ते कागदावर काढायचं. मरे लूप नावाने ही पद्धत पुढे टेलिफोनच्या केबल दुरुस्त करणाऱ्यांनीही शतकभर वापरली.

मग डुप्लेक्स आलं, आणि खरी गंमत इथे आहे. वाहतूक वाढली तशी नवी तार ओढण्यापेक्षा आहे त्याच तारेवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश पाठवायची युक्ती निघाली. श्वेंडलरने १८७४ मध्ये तिच्या सिद्धांतावर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. अडचण अशी की आपण पाठवलेला प्रवाह आपल्याच घेणाऱ्या यंत्रात घुसतो. म्हणून ऑफिसात खऱ्या तारेची एक नक्कल बांधतात, तितक्याच रोधाची, आणि आपला प्रवाह दोन्हींत सारखा वाटून यंत्रात त्याची बेरीज शून्य करतात. उरतं ते फक्त समोरून आलेलं. लग्नाच्या गोंगाटात आपण बोलता बोलता समोरच्याचं ऐकतो, तसंच काहीसं. पण नक्कल आणि तार तंतोतंत जुळली तरच हे चालतं. सकाळी दव पडलं, दुपारी ऊन तापलं, आषाढात इन्सुलेटर ओले झाले की तारेची गळती बदलते आणि तोल जातो. एकेरी कामाला बिनतक्रार चालणारी तार डुप्लेक्स लावताच नादुरुस्त ठरू लागली. तार तीच होती.

टेलिफोनने याच्या पुढचा धडा दिला. मुंबई, कलकत्ता, मद्रास इथे जानेवारी १८८२ मध्ये एक्स्चेंज सुरू झाली. एका तारेवर आणि जमिनीच्या परतीवर बोलायला गेलं की शेजारच्या तारेवरची मोर्सची टकटक कानात येई. तारयंत्राला या कुजबुजीचा पत्ताही नव्हता, कान मात्र फार नाजूक. उपाय १८८१ मध्येच ग्रॅहॅम बेलच्या पेटंटात होता: दोन तारा घ्या आणि एकमेकींना पीळ द्या. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखा चढतो आणि वजाबाकीत निघून जातो.

मधली शंभर वर्षं भराभर ओलांडली तरी हरकत नाही. ट्रंक कॉल लावून तासन् तास बसणं ज्यांनी अनुभवलं ते अजून ते सांगतातच. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संस्था स्थापन झाली, तिच्या १२८ लाइनींच्या ग्रामीण एक्स्चेंजने देशभरच्या लहान गावांत फोन नेला, पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, आणि जमिनीखालून जेली भरलेल्या तांब्याच्या केबली गेल्या. लाइनमनच्या पिशवीत मेगर, टेस्टर फोन, जंपर वायर. त्याची भाषा ठरलेली: लाइन डिस आहे, अर्थ आहे, शॉर्ट आहे, नाहीतर दुसरीशी कॉन्टॅक्ट आहे. डायल टोन आला की काम झालं.

बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड आणलं आणि ही व्याख्या कोलमडली. तेव्हाच्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला २५६ किलोबिट. आज हसू येईल, पण तेवढं जमवायलाही त्या तारेला घाम फुटला. माणसाच्या बोलण्याला तारेवर साधारण ३४०० हर्ट्‌झपर्यंतची जागा पुरते. ब्रॉडबँडचं एडीएसएल तंत्र त्याच तांब्यावर अकरा लाख हर्ट्‌झपर्यंत जातं. खांबावरच्या डबीतला गंजलेला जोड आवाजाला आडवा येत नव्हता, पण या वरच्या कंपनांना गिळून टाकायचा. फोन चालू, नेट बंद. गिऱ्हाईक म्हणे लाइन खराब, लाइनमन म्हणे टोन आहे, मोडेम बदला. दोघेही आपापल्या जागी खरे! एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरच्या वस्तीला तर जोड धड असूनही फारसं काही मिळत नसे, कारण अंतरच सिग्नल खाऊन टाकी.

शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. विद्यार्थी आले म्हणजे संगणक आले, संगणकांमागे सायबर कॅफे आणि काउंटर-स्ट्राइकही आलंच. त्या काळच्या लॅनला इथरनेटची जुनी कोॲक्स वायर, नाहीतर हबमधून निघालेली कॅट-फाइव्ह. पुढे गावोगावच्या केबल टीव्हीवाल्यांनी टीव्हीबरोबर नेट द्यायला सुरुवात केली तेव्हा हीच कॅट-फाइव्ह गच्चीवरून गच्चीवर, विजेच्या खांबाला वळसा घालून गेली. पहिल्या वळवाच्या कडकडाटात कितीतरी लॅन पोर्ट जळाले. आता दारापर्यंत फायबर येतं आणि काचेला विजेचं भय नाही. पण फायबरच्या डबीपासून पीसीपर्यंतचे शेवटचे दहा-पंधरा मीटर बहुतेक घरांत अजून तांब्याचेच आहेत, आणि बहुधा त्या केबलवाल्याच्या दिवसांतलेच.

नव्या मदरबोर्डाची तक्रार उगवते ती याच पट्ट्यात. १९९५ मधलं शंभर मेगाबिटचं इथरनेट केबलच्या चारपैकी दोनच जोड्या वापरतं: एक जायला, एक यायला. १९९९ मध्ये प्रमाणित झालेलं तांब्यावरचं गिगाबिट चारही जोड्या वापरतं, आणि प्रत्येक जोडीवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलतं. म्हणजे श्वेंडलरचं डुप्लेक्स, चार वेळा. नक्कल तारेच्या जागी आता चिपमधलं गणित आपल्याच सिग्नलचा प्रतिध्वनी वजा करतं, इतकाच फरक. जुना पीसी शंभर मेगाबिटवर होता तेव्हा केबलची निळी आणि तपकिरी जोडी कुठे तुटली आहे की नाही याची कोणाला फिकीर? नवा बोर्ड गिगाबिट मागतो, जोडी अर्धवट धरते, लिंक शंभरवर घसरते, पुन्हा वर चढायला बघते, आणि प्रत्येक चढउताराला नेट दोन-चार सेकंद गायब. त्यात २०१६ मध्ये प्रमाणित झालेलं अडीच गिगाबिट आजकाल बऱ्याच गेमिंग बोर्डांवर असतं. त्याला केबल आणखी चोख लागते. तांब्याच्या नावाखाली विकली जाणारी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर इथे पहिली उघडी पडते.

दर वेळी दोष तारेचाच असतो असंही नाही, आणि हे सांगायलाच हवं. इंटेलच्या आय२२५-व्ही या अडीच गिगाबिटच्या चिपमध्ये २०२० मध्ये दोष निघाला. लागोपाठ जाणाऱ्या पाकिटांमध्ये जेवढं अंतर ठेवायचं ते ती ठेवत नव्हती, आणि काही स्विचांशी जोडली की पाकिटं गहाळ होत. वेग एक गिगाबिटवर बांधून ठेवणं हा तात्पुरता तोडगा. नंतर चिपची सुधारित आवृत्ती आली. तिच्या पुढच्या आय२२६ बद्दलही लिंक तुटण्याच्या तक्रारी झाल्या. त्यावर कंपनीने वीज वाचवणारी इथरनेटची सोय बंद करणारा ड्रायव्हर दिला. ही सोय २०१० च्या प्रमाणकातली: वाहतूक नसली की लिंक डुलकी घेते. ती वेळेवर जागी झाली नाही की खेळणारा मेलाच.

आणि एक खास आपल्याकडची भानगड. पुष्कळ स्थानिक नेटवाले जोडणी गिऱ्हाइकाच्या यंत्राच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्याच्या नेटवर्क पोर्टच्या ओळखक्रमांकाला, बांधून ठेवतात. वायर मधे राउटर न घालता थेट पीसीत खोचलेली असेल, तर नवा मदरबोर्ड म्हणजे नवा पत्ता. नेट बंद! तिथे वायर, ड्रायव्हर, विंडोज काही तपासू नये. नेटवाल्याला फोन करून नवा पत्ता चढवायला सांगावं.

घरात व्हिडिओ नीट चालतो म्हणून वडील म्हणतात नेट ठीक आहे, आणि पोरगा म्हणतो नाही. बरोबर पोरगाच असतो. व्हिडिओ पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतो, हरवलेलं पाकीट पुन्हा मागवतो. गेमला ती मुभा नाही. बुलडाणा ते मुंबई फायबरचा रस्ता पाचशे किलोमीटर धरला, तर काचेतून प्रकाशाला जाऊन यायला पाच मिलिसेकंद लागतात. बाकीचा पिंग मधल्या यंत्रांचा. एवढ्या तंग हिशेबात उशिरा आलेलं पाकीट हरवल्यातच जमा.

दुकानातला जुना मेकॅनिक अशा वेळी काय करतो? आधी राउटरला पिंग लावून ठेवतो. तिथेच खंड पडला तर फॉल्ट घरात. राउटर सलग उत्तर देतो आणि बाहेरचा पत्ता देत नाही, तर फॉल्ट राउटरच्या पलीकडे. नांदुरा, मग मलकापूर. घरातच असेल तर लिंक कितीवर जुळली आहे ते पाहतो, दुसरी धड केबल लावतो, राउटरचं दुसरं पोर्ट वापरून पाहतो. मग बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून ड्रायव्हर, आणि शेवटी वीज वाचवायच्या खुणा काढणं. काही नेटवर्क चिपांमध्ये केबल मोजायची सोयही असते. चिप एक स्पंद पाठवते, तुटक्या जागेवरून तो परत येतो. तांब्यातून तो एका नॅनोसेकंदात सुमारे वीस सेंटिमीटर जातो. शंभर नॅनोसेकंदांनी परतला, तर तूट दहा मीटरवर. मरे लूपला लागणारी दुसरी धड तार इथे लागत नाही.

एक फॉल्ट मात्र दहा-वीस रुपयांच्या कनेक्टरमध्ये दडून बसतो आणि भल्याभल्यांना चकवतो. केबल क्रिम्प करणारा नवखा असेल, तर तो आठ तारा जोडीने ओळीत लावतो: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दिसायला सुबक. दुसऱ्या टोकाला तोच क्रम, त्यामुळे टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात. पण इथरनेटला तिसरी आणि सहावी पिन एकाच जोडीची हवी असते, आणि इथे तिसरी हिरव्या जोडीची, सहावी निळ्या जोडीची झाली. पीळ वाया गेला, बेलची वजाबाकी होईना. टेस्टरला फक्त तार सलग आहे की नाही एवढंच कळतं, पीळ कोणाचा कोणाशी आहे ते कळत नाही. अशी केबल दहा मेगाबिटवर वर्षानुवर्षं चालते, शंभरवर रडतरखडत चालते, गिगाबिटवर मान टाकते. मेकॅनिक दोन्ही टोकं छाटतो, हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी घेतो, निळी आधी आणि निळी-पांढरी नंतर, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त न उलगडता पुन्हा क्रिम्प करतो. बोर्ड तोच, ड्रायव्हर तोच, आणि लिंक एक गिगाबिटवर जाऊन तिथेच राहते.